मोटर कुठे बसली आहे, ते आधी बघा

वाचकाचं पत्र: मी गेली चार वर्षं पक्ष्यांचे फोटो काढते आहे. कॅमेरा निकॉन डी५००, बाबांकडून माझ्याकडे आलेला. सोबत त्यांच्याच दोन लेन्स आहेत, ३०० एमएम एफ/४ एएफ-एस आणि ८०-४०० व्हीआर. दोन्ही त्यांनी २००२ च्या सुमारास घेतल्या होत्या. एक १.४ चा टेलिकन्व्हर्टरही आहे, म्हणजे लेन्सचा पल्ला १.४ पट वाढवणारी जोड. आता मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचा विचार आहे, नजर निकॉनच्याच झेड ६ थ्रीवर आहे. फोटोग्राफीतले मित्र म्हणतात, जुन्या लेन्स विकून टाक, त्या नव्या कॅमेऱ्यावर बसवायला ॲडॅप्टर लावला की फोकसचा बट्ट्याबोळ होतो आणि शार्पनेसही जातो. बाबा म्हणतात, काच ती काच, तिला काय कळतंय मागे आरसा आहे की नाही! नवी बॉडी आणि नवी लेन्स दोन्ही एकदम मला झेपणार नाही. काय विकू आणि काय ठेवू?

उत्तर:

तुमचे बाबा एका लेन्सबद्दल बरोबर आहेत आणि दुसरीबद्दल चुकताहेत. मित्रांचं म्हणणं मात्र दोन्हींबद्दल अर्धवट आहे.

माझं ऐकायच्या आधी एक करा. दोन्ही लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवा, मागची झाकणं काढा आणि उजेडात धरून मागच्या धातूच्या कड्याकडे बघा. ८०-४०० च्या कड्यात एक बारीक गोल तुकडा दिसेल, त्याला स्क्रूच्या डोक्याला असते तशी खाच आहे. ३०० च्या कड्यात तो नाही. आता डी५०० चं तोंड बघा. तिथे त्या खाचेत बरोबर बसेल असं इवलंसं पातं बाहेर डोकावतंय. ८०-४०० फोकस करताना जो घर्रर्र आवाज येतो तो लेन्सचा आहे असं आपल्याला वाटतं, पण तिला फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या पोटात आहे. लेन्स बिचारी नुसती फिरवून घेते. ३०० ची मोटर तिच्या स्वतःच्या नळीत आहे, एएफ-एस या अक्षरांचा अर्थ तोच.

निकॉनच्या झेड बॉडीवर जुनी लेन्स लावायला जो ॲडॅप्टर लागतो त्याचं नाव एफटीझेड. २०१८ साली पहिला आला, २०२१ मध्ये दुसरा. दोन्हींत ते पातं नाही आणि मोटरही नाही. म्हणजे ३०० त्यावर ऑटोफोकस करेल आणि ८०-४०० वर तुम्हाला हाताने रिंग फिरवावी लागेल. ८०-४०० या नावाची एएफ-एस लेन्स निकॉनने २०१३ मध्ये काढली, पण तुमची २००२ ची म्हणजे ती नव्हेच. तुमची २००० सालची, निकॉनची पहिलीवहिली व्हीआर लेन्स, म्हणजे हाताची थरथर खाणारी. ३०० सुद्धा २००० चीच. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघी, पण एकीला नव्या घरात जागा आहे आणि दुसरीला ओसरीवर बसावं लागणार.

फांदीवर निवांत बसलेलं घुबड किंवा चरणारं हरीण असेल तर ८०-४०० हाताने फोकस करूनही चालवता येते. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून डोळ्यावर फोकस आणता येतो, आणि फोकसमधल्या कडा रंगीत दाखवणारी सोय असते ती चालू ठेवायची. उडणाऱ्या पक्ष्यासाठी मात्र ते विसरा.

आता शार्पनेसचं. ही अफवा इतकी चिवट आहे की ती कुठून आली तेच आधी सांगतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे डी५०० सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा वरखाली व्हायला जागा लागते. म्हणून निकॉनच्या जुन्या माउंटपासून (लेन्स अडकते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलीमीटर आहे. मिररलेसमध्ये आरसाच नाही, तिथे हे अंतर १६ मिलीमीटर. वजाबाकी करा, ३०.५ मिलीमीटर येते. एफटीझेड म्हणजे ही ३०.५ मिलीमीटरची पोकळी, सोबत लेन्स आणि बॉडी एकमेकांशी बोलतात ते विजेचे टोक आणि अपर्चरची (लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाची) कळ हलवणारी छोटी यंत्रणा. आत काच नाही. हातात आला की नुसता आरपार बघा, पलीकडची भिंत जशीच्या तशी दिसेल. जिथे काचच नाही तिथे शार्पनेस कोण खाणार? टेलिकन्व्हर्टरमध्ये काच असते, तो थोडा शार्पनेस घेतो. दोन्ही गोल नळकांडी, दोन्ही लेन्सच्या मागे लागतात, म्हणून लोक एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारतात.

अफवेचं दुसरं मूळ मी स्वतः भोगलंय. मिररलेसच्या सुरुवातीच्या काळात मी एक स्वस्तातला ॲडॅप्टर घेतला होता. तो माउंटमध्ये केसभर हलायचा. जड लेन्स पुढे लटकली की तिचं तोंड किंचित खाली झुकायचं, आणि फोटोची खालची कड कायम मऊ यायची. मी आठवडाभर लेन्सला शिव्या दिल्या. तेव्हा ॲडॅप्टर बॉडीच्या कंपनीचाच घ्या, हवा तर वापरलेला घ्या, पण तिथे काटकसर नको. पहिल्या एफटीझेडला खाली ट्रायपॉडला लावायचा एक पाय होता, तो काही बॉडींच्या ग्रिपच्या आड येई. दुसऱ्यात तो काढून टाकलाय. तुमची ३०० स्वतःचा पाय घेऊन आलेली आहे, त्यामुळे दुसराच बरा. आणि कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा मोनोपॉडवर नेहमी लेन्सच्या पायानेच लावा, बॉडीच्या तळाने नाही. खांद्यावर टाकतानाही पट्टा लेन्सला.

फोकसच्या बाबतीत ३०० चं नशीब उलट उघडणार आहे. डी५०० मध्ये मोठ्या आरशामागे एक छोटा आरसा आहे. तो थोडा प्रकाश खाली तळाशी वळवतो आणि तिथला वेगळा सेन्सर फोकस मोजतो. फोटो मात्र मागच्या मोठ्या सेन्सरवर पडतो. मोजमाप एका जागी आणि फोटो दुसऱ्या जागी, म्हणून केसाएवढा फरक पडला तरी खंड्याच्या डोळ्याऐवजी शेपटीवर फोकस येतो. त्यासाठीच मेनूत फोकस थोडा पुढेमागे करणारं ते फाइन-ट्यून असतं, तुमच्या बाबांनी ३०० साठी काही तरी आकडा भरून ठेवला असेल बघा. मिररलेसमध्ये ज्या सेन्सरवर फोटो पडतो त्यावरच फोकस मोजला जातो. तिथे तो जुना आकडा डोक्यातून काढून टाका, शून्यावर सुरू करा. ३०० एफ/४ उघड्या अपर्चरवर किती कातीव आहे हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा मिररलेसवरच कळतं.

पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर चौकोन चिकटवून ठेवण्याचं काम बॉडी करते, लेन्स नाही. म्हणून २००० सालच्या लेन्सवरही तो चौकोन डोळ्यावर बसलेला दिसतो, आणि फ्रेमच्या जवळपास कडेपर्यंत तो पाठलाग करतो. पहिल्यांदा बघितलं की हसू येतं. पण एक लक्षात घ्या. बॉडीने डोळा कितीही झटपट शोधला तरी काचा सरकवायला शेवटी लेन्सचीच मोटर लागते, आणि ती पंचवीस वर्षांपूर्वीच्या आराखड्याची आहे. घार आकाशात फिरतेय तोवर ३०० तिला सहज धरून ठेवेल. समोरून अंगावर येणाऱ्या छोट्या पक्ष्याला ती मागे पडेल. नव्या लेन्समध्ये जो फरक खरोखर जाणवतो तो इथे.

शिवाय मिररलेसच्या फोकसला दोन खोडी आहेत, त्या ॲडॅप्टरच्या नावावर खपवल्या जातात.

पहिली मी एका तळ्याकाठी शिकलो. खंड्या पाण्यावर वाकलेल्या काडीवर बसलेला, त्याच्यामागे दहा फुटांवर वेताची दाट रांग. मी शटर अर्धं दाबलं आणि कॅमेऱ्याने थेट वेत धरला. वेत असा स्वच्छ की एकेक पान मोजावं! खंड्याचा मात्र निळा धूर. पुन्हा दाबलं, पुन्हा वेत. पक्षी इतका धूसर झाला होता की कॅमेऱ्याच्या लेखी तो तिथे नव्हताच. मी दाबत राहिलो आणि तो उडून गेला. डीएसएलआरवरून आलेल्या माणसाला हे हमखास होतं, कारण आरशातून डोळ्याला तो धूसर पक्षीसुद्धा ‘दिसत’ असतो. उपाय साधा आहे. तुमच्या ३०० वर एम/ए अशी खूण आहे, म्हणजे ऑटोफोकसमध्ये असतानाही रिंग हाताने फिरवता येते. रिंग जवळच्या बाजूला अर्धा वळसा फिरवा, पक्षी जरा आकाराला आला की मग शटर अर्धं दाबा. बोटांना सवय लागली की हे पाऊण सेकंदाचं काम आहे. लेन्सवर फोकसचा जवळचा पल्ला बंद करणारं बटणही आहे. दूरच्या पक्ष्यांना ते लावून ठेवा, म्हणजे मोटर उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत नाही.

दुसरी खोड अशी की झेड बॉडींचा फोकस उभ्या रेषा चांगल्या ओळखतो, आडव्या नाही. पाण्याच्या सपाट लाटा, आडवी फांदी, गवताच्या टेकडीची कड अशा जागी तो मागेपुढे चाचपडत बसतो. कॅमेरा हातातल्या हातात थोडा तिरका करा, फोकस धरू द्या, मग सरळ करा.

आता ज्या गोष्टीबद्दल मित्रांनी तुम्हाला सावध करायला हवं होतं, पण केलं नाही, ती. तुमचा डी५०० छोट्या सेन्सरचा आहे. त्यावर ३०० तुम्हाला ४५० सारखी दिसते. झेड ६ थ्रीचा सेन्सर पूर्ण आकाराचा, तिथे ३०० ही ३००च. पहिल्या दिवशी व्ह्यूफाइंडरला डोळा लावलात की पक्षी अचानक लांब गेल्यासारखा वाटेल आणि तुम्ही ॲडॅप्टरला दोष द्याल.

हे किती महागात पडतं ते एका खंड्यावर मोजू. १७ सेंटीमीटरचा खंड्या, १० मीटरवर. ३०० एमएम लेन्स त्याची जी प्रतिमा सेन्सरवर पाडते ती साधारण ५ मिलीमीटर लांब असते. सेन्सर कुठलाही असो, लेन्स तेवढीच प्रतिमा पाडणार. फरक आहे त्या ५ मिलीमीटरमध्ये किती पिक्सेल मावतात यात. डी५०० वर सुमारे १,२००. झेड ६ थ्रीवर सुमारे ८६०, कारण त्याचे पिक्सेल मोठे आहेत. म्हणजे जवळपास तीस टक्के पक्षी गेला! क्रॉप मोड लावून हे भरून निघत नाही, क्रॉप मोड नुसती कडा कापतो, पिक्सेल आणून देत नाही.

पण तुमच्याकडे १.४ चा टेलिकन्व्हर्टर आहे. तो लावलात की ३०० ची ४२० होते, प्रतिमा ७ मिलीमीटरच्या वर जाते आणि पिक्सेल पुन्हा १,२०० च्या आसपास. अपर्चर एफ/४ चं एफ/५.६ होतं, म्हणजे प्रकाश निम्मा. मोठ्या पिक्सेलचा सेन्सर अंधारात जो फायदा देतो त्यातला बराचसा इथेच खर्च होतो. हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो, नफा राहतो तो फोकसचा. आणि कन्व्हर्टर न लावता एफ/४ वर पहाटेच्या उजेडात काम करायची मुभा राहते, तीही काही कमी नाही. टेलिकन्व्हर्टर लेन्स आणि एफटीझेडच्या मध्ये बसतो, हा क्रम लक्षात ठेवा. झेड मालिकेचा नवा टेलिकन्व्हर्टर या जोडीत बसत नाही, तो विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका.

४५ मेगापिक्सेलच्या झेड ८ वर तोच खंड्या कन्व्हर्टरशिवाय सुमारे १,१७० पिक्सेलचा येतो, म्हणजे डी५०० च्या बरोबरीला. ती बॉडी महाग आणि जड आहे. पण लेन्स तीच राहणार असेल आणि पक्षी लहानच असतील तर बॉडी निवडताना हा आकडा बघा, सेकंदाला किती फोटो हा नंतर. एरवी जाहिरातीत नेमकं उलटं असतं.

तुमच्या ३०० मध्ये व्हीआर नाही. नव्या बॉडीत सेन्सर स्वतः हलून हाताची थरथर खातो, तो या लेन्सलाही लागू पडतो आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही त्यामुळे शांत होतं. पण जाहिरातीतले आकडे टेलिफोटोवर मिळतील अशी आशा धरू नका. हात एक दशांश अंश हलला तर ५० एमएमच्या लेन्सवर प्रतिमा ०.०९ मिलीमीटर सरकते, ३०० वर अर्धा मिलीमीटर, कन्व्हर्टर लावल्यावर ०.७ च्याही पुढे. सेन्सरला तेवढं धावायला जागा मर्यादित आहे. लांब पल्ल्याला लेन्समधलं व्हीआर अजूनही सरस. तसंही पक्षी मान फिरवतो ती कुठलंच व्हीआर थांबवत नाही, त्याला १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागतोच.

बिनआवाजाचं शटर वापरून बघावंसं वाटेलच. बसलेल्या पक्ष्याला खुशाल वापरा, दबकं जनावर मान वर करत नाही. पंख फडफडत असतील तेव्हा साध्या सेन्सरच्या बॉडीत पंख रबरासारखे वाकलेले येतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तोवर पंख पुढे गेलेला असतो. झेड ६ थ्रीचा सेन्सर यात जुन्या झेड ६ पेक्षा बराच चपळ आहे, झेड ८ तर त्याहून. झेड ८ मध्ये यांत्रिक शटर मुळात ठेवलेलंच नाही.

दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स वापरणारे हे वाचत असतील त्यांच्यासाठी तीन वाक्यं. कॅनॉनने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच ठेवली, त्यामुळे ४४ मधून २० वजा जाऊन उरलेल्या २४ मिलीमीटरच्या ॲडॅप्टरवर कुठलीही ईएफ लेन्स ऑटोफोकस करते, ही खाच बघायची भानगड तिथे नाही. सिग्मा, टॅमरॉनच्या १५०-६०० सारख्या लेन्स असतील तर बॉडी घ्यायच्या आधी लेन्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर लावायचे ॲडॅप्टर मिळतात, निसर्गदृश्याला ठीक, पळत्या जनावरामागे मी ते नेणार नाही.

तर विकायचं काय? आत्ता काहीच नाही. डी५०० आणि ८०-४०० ही जोडी तोडू नका. ८०-४०० ला चालवणारी मोटर त्या कॅमेऱ्यात आहे, आणि कॅमेरा गेला की लेन्स अर्धी होते. ती जोडी बाबांकडे परत जाऊ दे. तुम्ही बॉडी, एफटीझेड आणि ३०० घ्या, कन्व्हर्टर खिशात. एक पूर्ण हंगाम तसाच काढा. हंगामाच्या शेवटी हुकलेले फोटो काढून बसा आणि ते का हुकले ते बघा. लांब होते म्हणून हुकले असतील तर झेडची १८०-६०० बघा, पण तिचं वजन पायासकट दोन किलोच्या वर आहे, तुमची ३०० दीड किलोच्या आत. लेन्स मागे पडली म्हणून हुकले असतील तर ४०० एफ/४.५, जी तुमच्या ३०० पेक्षाही हलकी आहे. आणि तुम्हीच उशिरा पोचलात म्हणून हुकले असतील, तर काय घ्यायचं ते मला विचारू नका.

तुमच्याकडे जर नुसती ८०-४०० असती तर माझं उत्तर वेगळं असतं. मग मी सांगितलं असतं की डी५०० वरच थांबा, लेन्सचे पैसे जमेपर्यंत बॉडीला हात लावू नका.

पैसे मोजण्याआधी एक काम उरतं. अंधाऱ्या खोलीत ३०० चं अपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. वीस वर्षांहून जास्त काळ कपाटात राहिलेल्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि मग बॉडीच्या आधी लेन्स साफ करून घ्यायचा खर्च धरा. धुळीचे चार कण दिसले तर दुर्लक्ष करा, ते फोटोत येत नाहीत. लेन्स स्वच्छ निघाली तर कोणाची तरी झेड बॉडी आणि एफटीझेड एका सकाळपुरती मागून आणा. ३०० लावा, एखाद्या बसलेल्या बगळ्यावर धरा आणि बाबांना व्ह्यूफाइंडरला डोळा लावू द्या.